केरबाभाऊंचा निरोगी नमुना

सोमवार, २२ सप्टेंबर

नवी नोकरी लागली की नवी वही घ्यायची, ही माझी खोड. मागच्या दोन वह्या दहा-दहा पानांत संपल्या, कारण नोकऱ्याही तेवढ्याच टिकल्या. ही सहा आठवडे तरी पुरावी. चाचणीत मशीन पास झालं तर वर्षभराचं काम, नाहीतर प्रतीक्षाबाई परत तळेगावात आईशेजारी बसून मेथी निवडणार.

मशीन आज आलं. कामशेतच्या आमच्या भाड्याच्या खोलीत टेबलावर बसलंय. पोळ्यांच्या डब्याएवढं आहे, वजनालाही फार नाही. पुण्याच्या कंपनीतली इंजिनिअर तेजल ते मांडीवर घेऊन आली. गावोगाव फिरून लोकांचा बेडका घ्यायचा आणि त्यात टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, ते हा डबा पाऊण तासात सांगणार. बिस्किटाएवढी पारदर्शक चिप असते, तिच्यात चार खळगे. पहिल्यात कंपनीनेच डीएनए भरून ठेवलाय. तो चमकलाच पाहिजे, नाहीतर मशीन मेलं समजायचं. चौथ्यात नुसतं पाणी, तो काळाच राहिला पाहिजे. मधले दोन एकाच पेशंटच्या नमुन्याचे. डबा निळा उजेड टाकतो, जंतू असला तर मधले दोन ठिपके हिरवे चमकतात, आणि आतला कॅमेरा त्यांचा फोटो पडद्यावर दाखवतो. मला एका दुपारीत जमलं. म्हणजे जमलं असं वाटतंय.

तेजलने एक गोष्ट मात्र पाठ करून घेतली. नमुन्याची डबी हातात देण्याआधी प्रत्येकाला चार प्रश्न. खोकला किती दिवसांपासून? संध्याकाळी ताप येतो का? वजन घटलंय का? झोपेत घाम येतो का? मी घडाघडा म्हणून दाखवले.

गाडीवाले केरबाभाऊ भेटले. वडिवळ्याचे, पन्नाशीचे, बोलायला लागले की ब्रेक नाही. खोकत खोकतच जिना चढून आले आणि म्हणाले, "भाताचा फुलोरा नाकात जातोय, दुसरं काय न्हाई." सरावाला कुणाचा तरी नमुना हवा होता, तर लगेच तेच पुढे. "घ्या की माझा. फुकाट हाय." मधले दोन ठिपके किंचित हिरवे आले. तेजल म्हणाली, पहिली चिप आहे, तुझा हात लागला असेल, टाकून दे. टाकली. दुसरी नुसत्या पाण्याची लावली, ती काळीभोर आली. हुश्श.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कुरवंड्याला गेलो होतो. चौदा जणांत एक सापडले, गेणूआबा. कामशेतच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेतली आणि गोळ्या चालू. डबा खरं बोलला! आबांनी मला विचारलं, "ह्या पेटीला एवढ्या लांबून छातीतलं कसं दिसतं?" मी सांगायला लागले आणि अर्ध्यात मलाच कळेना की डीएनएला साध्या मराठीत काय म्हणू. शेवटी म्हटलं, जंतूचा ठसा. आबांना पटलं.

परत येताना भाऊंची पँट सारखी घसरत होती. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने पँट. मी म्हटलं, घाटात असले खेळ नकोत. प्रथमोपचाराच्या पेटीतलं बँडेज काढून दिलं, ते पट्ट्यासारखं कमरेला बांधून घेतलं त्यांनी. "सुनंनं धुवून धुवून कापड सैल केलंया," म्हणे. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. उद्या सुट्टी, म्हणून भाऊंनी आजच हत्यारांची पूजा काढली. गाडीला झेंडूचा हार, पान्यांना हार, जॅकला हार. मग म्हणाले, "म्याडम, तुमच्या पेटीची बी करू. तिच्यावर तर आपल्या दोघांचं प्वाट हाय."

आमच्या घरी हे नसतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. पण नको म्हटलं तर त्यांचं मन मोडायचं आणि हो म्हणून मी हात जोडून उभी राहणार नव्हते. म्हणून म्हटलं, करा तुम्ही, मी चहा घेऊन येते. आले तर डबा नवरदेवासारखा सजलेला, वर हळद, कुंकू, तांदूळ. त्यांचे डोळे भरून आलेले. फोटो काढला. ते गेल्यावर बाहेरून स्वच्छ पुसून घेतला, कानाकोपऱ्यातले तांदळाचे दाणे सुद्धा वेचले. मला काय वेंधळी समजता?

उद्या सकाळी तळेगावच्या विहारात. आईने पांढरी साडी इस्त्रीला टाकायला सांगितली होती, विसरले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

वडिवळे. चार नमुने, चारही हिरवे. वडिवळ्यात एवढा टीबी? डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, सगळ्यांचे नमुने पुण्याला पाठव, खात्री होईपर्यंत गोळ्या देऊ नको, आणि कुणाला काही बोलू नको. मी नाही बोलले. पण गावच्या आशाताईंनी डबीवर लाल खूण केलेली एकाने पाहिली, आणि गावात बातमीला पाय लागतच नाहीत, ती उडत जाते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

वडिवळ्यातच आज पाच. पाचही हिरवे. एका धडधाकट मास्तरचा घसा बसला म्हणून हौसेने दिलेला नमुना, तोही हिरवा. पहिला ठिपका बरोबर, शेवटचा काळा, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं ठीक. मग एवढे सगळे आजारी कसे? आणि नसतील, तर डबा खोटं बोलतोय. आणि गेणूआबांच्या वेळी खरं बोलला तो कुठला डबा? मला काही म्हणजे काही कळत नाहीये. चिप हातात धरून उजेडात बघत बसले. त्यात काय दिसणार, कप्पाळ?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

तेजलचा फोन. म्हणाली, "एखाद्या ठणठणीत माणसाचा नमुना लाव. तोही हिरवा आला तर मशीनमध्ये लोच्या आहे." कंपनीने दोन रजिस्टरं दिलीत, लाल पेशंटांचं आणि हिरवं निरोगी माणसांचं. हिरवं आज पहिल्यांदा उघडलं.

ठणठणीत माणूस शोधायला लांब कशाला जायचं? केरबाभाऊ आहेतच. भाताची पोती एकटे गाडीत टाकतात. तेजलने विचारलं, नक्की ठणठणीत ना? मी म्हटलं, अगं, दगड आहे दगड.

भाऊंना काही शिकवावं लागत नाही. बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं विनवावं लागतं, खोल श्वास घ्या, आतून खाकरा, नुसती थुंकी नको. भाऊंची एका खाकरण्यात डबी भरते. "घ्या माल," म्हणतात.

हिरवा. झगझगीत हिरवा. म्हणजे ठरलं, डबाच बिघडलाय. एकीकडे बरं वाटलं, की वडिवळं आजारी नाही. दुसरीकडे, डबा नापास म्हणजे मी पण घरी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

वडिवळ्याच्या झुंबरबाई रस्त्यात आडव्या आल्या. शनिवारच्या चारांतल्या त्या एक. सत्तरीच्या, काठी माझ्या पायाजवळ आपटून म्हणाल्या, "सुनंनं माझं ताट-वाटी भाईर ओसरीवर ठिवलंया. नातवंडं जवळ यीनात. काय क्येलं मी? तुझ्या त्या डबड्यात थुकले, ह्येच ना?"

मावशी, अजून खात्री व्हायचीय, एवढंच म्हणत राहिले. भाऊ मध्ये पडले, "मावशे, पेटीचं डोस्कं फिरलंया, आगं मला बी टीबी दावती ती!" आणि मोठ्याने हसले. हसता हसता ठसका लागला आणि बराच वेळ गाडीला धरून उभे राहिले. झुंबरबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुझा डायवर वाळलाया." मी म्हटलं, ऊन फार आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सापडलं!

तेजलने सांगितलं, चिपमध्ये काहीच घालू नको, रिकामीच लाव. रिकाम्या चिपमध्ये चमकायला आहे काय? तरी मधले दोन ठिपके हिरवे! म्हणजे चिपमध्ये काही नाही, जे आहे ते डब्यात आहे. झाकण पूर्ण उलटं करून पाहिलं. झाकणाला आतल्या बाजूने नखाएवढी काच आहे, तिच्यातून कॅमेरा खाली बघतो. त्या काचेवर, मधल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर वर, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही असं, पिवळसर एक बोट. स्पिरिटचा कापूस फिरवला, कापूस पिवळा झाला. वास घेतला. हळद!

हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते, हे तेजलला माहीत होतं, मला नव्हतं. आणि काचेवर हळद येते कुठून, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

तरातरा खाली गेले. भाऊ गाडीत डुलक्या घेत होते, हल्ली दुपारी घेतात. म्हटलं, "भाऊ, झाकण उघडून आत हळद लावलीत?"

"मग? भाईर तर नुसता पत्रा हाय."

"आतल्या काचेला?"

"म्याडम, तुमीच म्हनलावता न्हवं, त्या काचंतनं ती बघती म्हून. मग कपाळ तितंच की! देवाला बोट कपाळाला लावायचं का पाठीला?"

ओरडणार होते. पण त्यांच्या बोलण्यात चूक कुठे काढू? मीच तिथे थांबले असते तर दिसलं असतं. पण मी चहाला गेले होते, कारण मला हो पण म्हणायचं नव्हतं आणि नाही पण. डोकं धरून पायरीवर बसले. भाऊ शेजारी बसले, दोनदा "चुकलं पोरी" म्हणाले. म्याडमची पोरी झाले मी आज.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काच तीनदा पुसली. रिकामी चिप काळी. पाणी काळं. वडिवळ्यात जाऊन पाच जणांचे नमुने परत घेतले, झुंबरबाई धरून. पाचही काळे! पुण्याचा अहवालही संध्याकाळी आला, नऊच्या नऊ जणांना काही नाही. डॉक्टरांनी घरोघरी स्वतः जाऊन सांगितलं. झुंबरबाई मला म्हणाल्या, "ताट घ्यातलं तिनं परत आत. पर माझी पितळंची वाटी कुटं घातली, त्ये सांगंना." मी वाटी आणून देईन म्हटलं तर काठी उगारली.

आता नियम असा, की काम परत सुरू करायच्या आधी तीन दिवस ओळीने निरोगी नमुना काळा यायला हवा. भाऊंचा लावला.

हिरवा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काल हिरवा, आज हिरवा. रिकामी चिप काळी, पाणी काळं, झुंबरबाई काळ्या, मास्तर काळे. एकटे भाऊ हिरवे. असा कसा हा डबा? काच पुसून पुसून झिजेल आता. हातमोजे बदलले, खोली धुतली, चिपांचा नवा खोका फोडला. वैतागून माझाच नमुना लावला. मला तर बेडका म्हणून काही निघेचना, वीस मिनिटं आरशासमोर खाकरले, घसा सोलवटला तेव्हा थेंबभर आलं. काळा.

तेजलला म्हटलं, माझाच धर की निरोगी नमुना. ती म्हणे, चाचणी करणारीचा स्वतःचा चालत नाही, आणि माणूस मध्येच बदलला तर तुलना कशाशी करायची? त्याचाच काळा आला पाहिजे. तो ठणठणीत आहे ना पण? मी चिडलेच. किती वेळा तेच विचारते. हो, आहे!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आजही हिरवा, पण कारण मिळालं बहुतेक. भाऊ थर्मासमधून काहीतरी पिवळं पीत होते. हळदीचं दूध! सकाळ-संध्याकाळ पितात म्हणे, दीड महिना झाला. तेजलला फोन केला. ती म्हणाली, घशात राहिलेली हळद बेडक्यात येऊन चमकत असेल, शक्य आहे. मी टाळ्याच वाजवल्या. भाऊंना बजावलं, दिवाळी होईपर्यंत हळद बंद, दूध नाही, उटणं नाही, भाजीत सुद्धा नाही.

"मग खोकल्याला काय घेऊ?" म्हणाले.

"काही नका घेऊ. मशीनचा प्रश्न आहे."

बरं म्हणाले बिचारे.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. भाऊंनी फराळाला बोलावलं, गेले. सून सारिकाने करंज्या केल्या होत्या. भाऊंची नात हिरा चार महिन्यांची आहे, तिची पहिलीच दिवाळी. आजोबाशिवाय झोपत नाही. त्यांनी छातीवर पालथी घातली की दोन मिनिटांत घोरायला लागते. खोकला आला की भाऊ तिला हाताने घट्ट धरतात, म्हणजे हलू नये. सारिका म्हणाली, "हळद-दूध बंद क्येल्यापास्नं मामांजी रातभर बसूनच असत्यात." मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, दोनच दिवस अजून.

हिराने माझं बोट धरलं आणि सोडेना. निघताना भाऊ म्हणाले, "पेटी पास झाली तर पोरीच्या पायात वाळं घालनार हाय मी. नापास झाली तरी घालीन, पर मग उशिरानं."

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आठ दिवस हळदीचा कण नाही. नमुना लावला आणि पाऊण तास पडद्यापुढून हलले नाही.

हिरवा. आधीपेक्षाही जास्त.

तेजल म्हणाली, मग आत कुठेतरी कायमचं दूषित झालंय, सोमवारी मी येऊन घेऊन जाते, चाचणी बंद. तिचाही आवाज पडला होता. मी फोन ठेवला आणि रडले. डब्याला चापट मारावीशी वाटली. पोरं ऐकत नाहीत तेव्हा आई मारते तशी. एवढ्या लोकांचं खरं सांगतोस आणि एका माणसाच्या बाबतीत हट्ट का?

भाऊंना सांगितलं. ते गाडी पुसत होते. म्हणाले, "माझ्या हळदीपायी तुझी नोकरी ग्येली पोरी." त्यांचं तोंड बघवेना.

रविवार, २६ ऑक्टोबर

मशीन परत पाठवायचा अर्ज भरत होते. हिरवं रजिस्टर त्यात उतरवून काढायचं. सात ऑक्टोबरपासून सहा ओळी, सहाही वेळा नाव केरबा, वय बावन्न. शेवटचा रकाना आहे, "चार प्रश्न विचारून निरोगी असल्याची खात्री केली". सहाही ठिकाणी माझी टिकमार्क, एकसारखी, सुबक.

सहावी टिकमार्क अर्जात उतरवताना पेन थांबलं. मी कधी विचारले?

सव्वाशे माणसांना विचारले. कुरवंड्यात, वडिवळ्यात, बहिऱ्या म्हातारीला ओरडून विचारले. मास्तरला विचारले. रोज शेजारी बसून गाडी चालवणाऱ्याला एकदाही नाही. त्याला कशाला विचारायचं? तो आपला.

आधी वाटलं, छे, काहीतरीच. मग सैल पँट आठवली. मग ते एका खाकरण्यात डबी भरणं आठवलं. मग हिरा त्यांच्या छातीवर आठवली आणि मी उठून उभीच राहिले. भाऊंना दोनदा फोन लावला. वडिवळ्यात धरणाकडे रेंज नसते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आठ वाजता भाऊ आले, तेजलला आणि डब्याला पुण्याला पोचवायला. मी मास्क लावून खाली गेले आणि गाडीत त्यांच्या शेजारी बसले. काचा खाली केल्या.

"भाऊ, खोकला किती दिवसांपासून?"

"कुनाला?"

"तुम्हाला."

"हा व्हय. गनपती बसायच्या आधीपास्नं हाय की. फुलोरा..." मग स्वतःच थांबले, कारण भात कापून झालंय.

"संध्याकाळी ताप येतो?"

"ताप न्हाई. कणकण असती. काम क्येल्यावं समद्यांस्नीच असती."

"वजन घटलंय?"

ते हसले आणि शर्ट वर करून बँडेजचा पट्टा दाखवला. "ह्यो तूच दिलायस न्हवं." आता त्याला दोन वेढे बसत होते.

"झोपेत घाम येतो?"

हसणं गेलं. स्टिअरिंगवरचा वाळका झेंडू तोडत बसले. "सारिका रोज माझी उशी वाळत घालती," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पोरी, हिराला काय झालं तर?"

म्हटलं, चला, हिराला घेऊन लगेच डॉक्टरांकडे. तेजल पोचली तेव्हा आम्ही निघत होतो. तिला चार वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं." एवढंच म्हणाली, आणि डब्याला हात न लावता खोलीत बसून राहिली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पुण्याचा अहवाल आला. केरबाभाऊंना टीबी आहे. साधा आहे, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जाणारा, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. हिरा तपासली, तिला आजार नाही. पण तिलाही औषध सुरू केलंय, होऊ नये म्हणून. काही दिवस आजोबांपासून लांब. आज गेले तेव्हा भाऊ अंगणातल्या बाजेवर आणि हिरा उंबऱ्याच्या आत सारिकाच्या कडेवर रडत होती. भाऊ लांबूनच टाळ्या वाजवत होते. झुंबरबाई तिथेच होत्या, भाऊंचं ताट घेऊन. सारिकाला ठणकावत होत्या, "मास्क लाव, खिडकी उगडी ठेव, पर ताट येगळं करायचं न्हाई. डाक्टर म्हनलाय, ताटानं हुत न्हाई." मी मान खाली घालून उभी होते, तर मलाच म्हणाल्या, "आगं, तू काय रडतीस? पेटीनं सांगितलं म्हून कळलं तरी."

कळलं ते पेटीला. मला नाही. तिने सहा वेळा सांगितलं आणि सहा वेळा मी तिलाच वेडी ठरवलं. वर त्यांचं दूध तोडलं, दिवाळीत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

भाऊंनी विचारलं, "म्हंजी पेटी पास का?" तेजल म्हणते पास, वर्षाचं काम पक्कं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग पुढच्या खंडेनवमीला भाईरनंच लावीन बग." मी म्हटलं, मी समोर उभी राहीन.

खोलीवर येऊन हिरव्या रजिस्टरमधलं त्यांचं नाव खोडलं आणि लालमध्ये घातलं. नाव, वय, गाव भरलं. पुढचा रकाना, "खोकला कर्मचाऱ्याच्या प्रथम निदर्शनास आल्याची तारीख". आठवेना, म्हणून ही वही चाळली. पहिल्याच पानावर सापडलं, माझ्याच अक्षरात, खोकतच जिना चढून आले म्हणून. लिहिली, २२ सप्टेंबर. त्यापुढचा रकाना, "पहिला नमुना हिरवा आल्याची तारीख".

तिथेही २२ सप्टेंबरच लिहिली.